बाबांची अ‍ॅस्पिरिन बंद केली, म्हणजे आधीचं संशोधन खोटं होतं का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. वडील ७१ वर्षांचे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर नाही, हार्ट अटॅक कधी आलेला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी गावच्या डॉक्टरांनी ‘हृदयाला चांगली’ म्हणून ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन सुरू केली. आता शहरातल्या नव्या डॉक्टरांनी ती बंद केली आणि कारण विचारलं तर ‘नवीन संशोधन आलंय’ एवढंच म्हणाले. वडील नाराज आहेत. तुम्ही वैतागून विचारलंय की इतकी वर्षं छातीठोकपणे सांगितलेलं संशोधन खोटं होतं का, आणि होतं तर आजचं खरं कशावरून?

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. हाच प्रश्न ओपीडीत वेगवेगळ्या तोंडून सतत ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट टाकलाय, बायपास झालंय किंवा रक्ताची गुठळी अडकून लकवा मारलाय, त्यांच्यासाठी खालचं काहीही लागू नाही. त्यांनी अ‍ॅस्पिरिन मनानं बंद करायची नाही. स्टेंट नवा असेल तर एक-दोन दिवस गोळी चुकणंसुद्धा जिवावर बेतू शकतं. दात काढायचा म्हणून कुणी ‘पाच दिवस बंद ठेवा’ म्हटलं, तरी आधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय जुनं खरं की नवं. मला वाटतं, जुन्या-नव्या अभ्यासांचं भांडण दिसतं तितकं मोठं नाही. गोळीचा गुण बऱ्यापैकी तेवढाच राहिलाय. बदलली ती गोळी घेणारी माणसं, त्यांचं वय, त्यांच्या बाकीच्या गोळ्या आणि अभ्यासात नेमकं काय मोजलं ते. वर्तमानपत्रातल्या ओळीत यातलं काही येत नाही. तिथे फक्त ‘अ‍ॅस्पिरिन घ्या’ आणि काही वर्षांनी ‘अ‍ॅस्पिरिन घेऊ नका’ एवढंच येतं.

सुरुवात १९८८पासून करू. त्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दोन-तीन दिवसांच्या अंतरानं, दोन अभ्यास छापून आले. पहिला अमेरिकेतला. २२,०७१ पुरुष डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग करून घेतला. निम्म्यांना एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. फायदा इतका स्पष्ट दिसला की हा भाग ठरल्या वेळेआधीच थांबवला. १९८९ साली पूर्ण आकडे आले तेव्हा हार्ट अटॅक ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचं जाहीर झालं. दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, तोही डॉक्टरांवरच, ५,१३९ जणांवर, रोज ५०० मिलिग्रॅम देऊन केलेला. त्यात ठोस फायदा दिसला नाही.

म्हणजे ‘जुनं संशोधन’ नावाची एकमुखी गोष्ट तेव्हाही नव्हती. पण ४४ टक्के हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला. ब्रिटिश अभ्यास लहान होता, त्यात झटके मोजकेच घडले होते, त्यामुळे त्याचा ‘फायदा नाही’ हा निष्कर्षही तितका पक्का नव्हता. दोन अभ्यासांची उत्तरं वेगळी आली की मी आधी बघतो ते हे: दोन्हींत प्रत्यक्ष घटना किती घडल्या? हजारो लोक घेतले म्हणून अभ्यास मोठा होत नाही. ज्या आजारासाठी गोळी दिली तो किती जणांना झाला, त्यावर त्याची ताकद ठरते.

४४ टक्क्यांचंच उदाहरण घ्या. अ‍ॅस्पिरिनच्या गटात १३९ हार्ट अटॅक, रिकाम्या गोळीच्या गटात २३९. दोन्ही गटांत अकरा-अकरा हजार माणसं, सुमारे पाच वर्षं. टक्केवारी बरोबर आहे. पण दुसऱ्या बाजूनं बघितलं तर पाच वर्षांत हजार जणांमागे साधारण नऊ झटके टळले. उरलेल्या ९९१ जणांना त्या गोळीनं हार्ट अटॅकच्या बाबतीत इकडचं तिकडे केलं नाही. त्याच अभ्यासात मेंदूतला रक्तस्राव अ‍ॅस्पिरिनवाल्यांत २३ जणांना, बाकीच्यांत १२ जणांना झाला होता. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारानं झालेले मृत्यू होते ८१ आणि ८३, म्हणजे जवळपास सारखेच. हे सगळं १९८९च्या मूळ निबंधात पांढऱ्यावर काळं छापलेलं होतं. कुणी लपवलं नव्हतं. आपण मथळा तेवढा उचलला.

आणखी एक गंमत, जी मला फार महत्त्वाची वाटते. त्या अभ्यासात आधी ३३ हजारांहून जास्त डॉक्टर आले होते. त्यांना १८ आठवडे चाचणी म्हणून गोळ्या दिल्या, आणि ज्यांना त्रास झाला किंवा ज्यांनी नीट घेतल्या नाहीत त्यांना गाळलं. मग उरले २२ हजार. म्हणजे पोट बिघडणारे, रक्त पडणारे, विसरणारे आधीच बाहेर. उरलेले निरोगी, शिस्तीचे, स्वतः डॉक्टर असलेले पुरुष. तुमच्या वडिलांशी त्यांचं नातं कितपत जुळतं ते तुम्हीच बघा.

आता तेव्हाचा काळ आठवा. कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं स्टॅटिन अमेरिकेत १९८७ साली मंजूर झालं आणि त्यानं जीव वाचतात हे १९९४ साली सिद्ध झालं. रक्तदाबाच्या आजच्यासारख्या सोयीच्या गोळ्या कमी होत्या, आणि वरचा रक्तदाब १४० हा आकडाही तितका गंभीरपणे घेतला जात नव्हता. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन हे हाताशी असलेलं जवळपास एकमेव स्वस्त हत्यार होतं.

शेतावर राखणदार ठेवल्यासारखं आहे हे. दर महिन्याला चोरी होत असेल तर राखणदाराचा पगार सहज निघतो. पुढे कुंपण झालं, दिवे लागले, चोऱ्या वर्षाला एकावर आल्या. राखणदार तितकाच सावध आहे, पण पगार तेवढाच द्यायचा आणि चोरी टळणार कधीतरी. अ‍ॅस्पिरिनचा पगार म्हणजे रक्तस्राव. तो कमी होत नाही. वय वाढलं की उलट वाढतो.

हे नुसतं बोलणं वाटू नये म्हणून आकडे देतो. २००९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जुन्या अभ्यासांतल्या प्रत्येक माणसाची माहिती एकत्र करून पुन्हा हिशोब मांडला. ज्यांना हृदयाचा किंवा मेंदूचा झटका आधी येऊन गेला होता, अशांत वर्षाला दर दहा हजारांमागे ८२० गंभीर घटना (हार्ट अटॅक, मेंदूचा झटका किंवा अशा आजारानं मृत्यू) घडत होत्या, अ‍ॅस्पिरिननं त्या ६७० झाल्या. म्हणजे दीडशे कमी. ज्यांना आधी काहीच झालेलं नव्हतं, तुमच्या वडिलांसारखे, त्यांच्यात ५७च्या ५१ झाल्या. सहा कमी. आणि पोटातले किंवा इतर मोठे रक्तस्राव ७वरून १०वर गेले, म्हणजे तीन जास्त. दीडशे आणि सहा, हा फरक डोळ्यासमोर ठेवा. एकाच गोळीबद्दल एका माणसाला ‘सोडू नका’ आणि त्याच्याच भावाला ‘नको’ म्हणण्यामागे हेच आहे.

त्यानंतर २०१८ साल उजाडलं, ज्याचा उल्लेख तुमच्या नव्या डॉक्टरांनी केला असावा. त्या एका वर्षात तीन मोठे अभ्यास आले. तिन्ही वेगवेगळ्या लोकांवरचे, आणि म्हणून तिन्ही वेगवेगळं सांगतात. लोक त्यांची मोळी बांधतात, ते मला पटत नाही.

पहिला ब्रिटनमधला, ‘असेंड’. १५,४८० मधुमेही, सरासरी सात वर्षांहून जास्त काळ. गंभीर घटना ९.६ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आल्या. म्हणजे अ‍ॅस्पिरिननं काम केलं, आणि प्रमाणात बघाल तर घट १२ टक्के. आता मागे जा: ५७च्या ५१, तीही प्रमाणात साधारण तेवढीच. पण मोठे रक्तस्राव ३.२ टक्क्यांवरून ४.१वर गेले. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं बरंचसं काढून घेतलं.

दुसरा ‘अराइव्ह’, १२,५४६ जण. ज्यांना मध्यम धोका आहे असे लोक निवडायचे, असा त्यांचा बेत होता. पण पाच वर्षांनी मोजलं तर घटना अपेक्षेपेक्षा फारच कमी घडल्या होत्या: ४.२९ टक्के आणि ४.४८ टक्के. धोका मोजायची जी सूत्रं वापरली ती जुन्या काळातल्या लोकांवर बेतलेली होती आणि आजच्या उपचारांत ती धोका फुगवून सांगतात. तिथे पोटातला रक्तस्राव मात्र साधारण दुप्पट झाला, जरी त्यातला बराचसा सौम्य होता.

तिसरा, आणि तुमच्या वडिलांच्या वयासाठी सगळ्यात जवळचा, ‘अ‍ॅस्प्री’. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ ज्येष्ठ, बहुतेक सत्तरीपुढचे, आधी हृदयाचा आजार नसलेले. रोज १०० मिलिग्रॅम, साधारण पावणेपाच वर्षं. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या घटना वर्षाला दर दहा हजारांमागे ११३ ऐवजी १०७. पुन्हा तोच सहाचा फरक, आणि तोही निव्वळ योगायोगानं पडू शकेल इतका छोटा. मोठे रक्तस्राव मात्र ६२वरून ८६. म्हणजे २४ जास्त. २००९च्या हिशोबात ते फक्त तीन जास्त होते. दोन्हीकडे घटनांच्या व्याख्या अगदी एकसारख्या नाहीत, ‘अ‍ॅस्प्री’त मेंदूतले रक्तस्रावही धरलेत, त्यामुळे आकड्याला आकडा भिडवू नका. पण दिशा कळते. सत्तरीनंतर फायदा वाढत नाही आणि पगार चढत जातो.

‘अ‍ॅस्प्री’बद्दल मला आणखी एक आवडतं. त्यांनी मुख्य मोजमाप म्हणून हार्ट अटॅक घेतलाच नाही. त्यांनी विचारलं, की मृत्यू, स्मृतिभ्रंश किंवा कायमचं परावलंबित्व या तिन्हींशिवाय माणूस किती वर्षं काढतो? सत्तरीतल्या माणसाला खरं तर हेच हवं असतं. ‘झटका आला नाही पण अंथरुणाला खिळले’ याला कोण यश म्हणेल? या मोजमापावर दोन्ही गट सारखेच निघाले, वर्षाला हजारी २१.५ आणि २१.२ जणांना या तिन्हींपैकी काहीतरी झालं. जुन्या अभ्यासांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता, त्यामुळे त्यांनी चुकीचं उत्तर दिलं असं म्हणता येत नाही.

मोजमापाबाबत अजून एक तांत्रिक बाब, पटकन सांगून पुढे जातो. ऐंशीच्या दशकात हार्ट अटॅक ठरायचा तो ईसीजी आणि त्या काळातल्या एन्झाइमवर. नंतर ट्रोपोनिन या प्रथिनाची रक्ततपासणी आली, जे हृदयाच्या अगदी थोड्या इजेलाही वाढतं. त्यामुळे आजच्या अभ्यासात असे कित्येक छोटे झटके मोजले जातात जे तेव्हा ‘छातीत जळजळ’ म्हणून घरी गेले असते. दोन काळांतले हार्ट अटॅकचे आकडे शेजारी ठेवताना हे ध्यानात असू द्या.

कर्करोगाचं मात्र गूढच आहे. २०११ साली जुन्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत कर्करोगाचे मृत्यू कमी दिसले. त्यावरून २०१६ साली अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानं पन्नाशीतल्या, धोका जास्त असलेल्या लोकांना अ‍ॅस्पिरिन सुचवताना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा फायदाही धरला. मग ‘अ‍ॅस्प्री’त उलटंच: कर्करोगानं मृत्यू अ‍ॅस्पिरिनवाल्यांत ३.१ टक्के, बाकीच्यांत २.३. संशोधक स्वतःच म्हणाले की हे अनपेक्षित आहे, जपून घ्या. वयात फरक आहे, काळात आहे, आणि जे शोधायला निघालो नव्हतो ते अचानक सापडलं तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये हेही आहे. २०२२ साली त्याच कृतिदलानं आतड्याच्या कर्करोगाबद्दल पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं, आणि साठीनंतर केवळ प्रतिबंधासाठी अ‍ॅस्पिरिन नव्यानं सुरू करू नये असा सल्ला दिला. चाळीस ते एकोणसाठ वयात, पुढच्या दहा वर्षांतला धोका दहा टक्के किंवा जास्त असेल तर डॉक्टर आणि रुग्णानं मिळून ठरवावं. यातला ‘नव्यानं सुरू’ हा भाग विसरू नका, त्यावर पुढे येतो.

अनपेक्षित निष्कर्षांवरून आठवलं. २००५ साली अमेरिकेत जवळपास ४० हजार स्त्रियांवरचा अभ्यास आला. त्यात एकूण बघता हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, पण मेंदूचे झटके १७ टक्क्यांनी घटले. लगेच समज झाला, आणि काही काळ शिफारशींतही तो आला, की अ‍ॅस्पिरिन पुरुषांचं हृदय वाचवते आणि बायकांचा मेंदू. नंतर सगळे आकडे एकत्र मांडल्यावर असा ठोस स्त्री-पुरुष भेद उरला नाही. मोठ्या गटाचे तुकडे पाडत गेलं की कुठल्या तरी तुकड्यात काहीतरी विचित्र दिसतंच. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण १९८८चंच आहे. ‘आयसिस-२’ नावाच्या अभ्यासात १७,१८७ रुग्णांना झटका आल्याबरोबर उपचार दिले. अ‍ॅस्पिरिननं पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. संपादकांनी विचारलं, वेगवेगळ्या गटांचे निकाल वेगळे द्या. संशोधकांनी दिले, आणि त्यात मुद्दाम राशीही टाकल्या. निकाल असा, की मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाही, उलट किंचित तोटा! (या पाश्चात्त्य राशी, जन्मतारखेवरून काढलेल्या. आपल्याकडची चंद्ररास घेतली असती तर दुसऱ्याच कुणाच्या नशिबी तोटा आला असता.) ‘अमुक वयाच्या, तमुक रक्तगटाच्या लोकांत वेगळंच आढळलं’ अशी बातमी वाचली की मी मिथुन-तूळ आठवतो.

आता आपल्याकडचं. तुम्ही म्हणाल, हे सगळे गोरे लोक, आपलं काय? रास्त शंका आहे. ‘टिप्स-३’ नावाच्या अभ्यासात ५,७१३ लोक होते, त्यांतले सुमारे निम्मे भारतातले, आणि डोसही तुमच्या वडिलांचाच, ७५ मिलिग्रॅम. नुसत्या अ‍ॅस्पिरिननं घटना ४.७ टक्क्यांवरून ४.१वर आल्या, पण हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांची एकत्र गोळी आणि सोबत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत मात्र ५.८वरून ४.१. रक्तस्राव फारसा वाढलेला दिसला नाही, पण रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना त्यांनी आधीच वगळलं होतं, आणि सरासरी वय सत्तरीच्या आतलं होतं. म्हणजे आपल्या लोकांत अ‍ॅस्पिरिनला काहीच जागा नाही असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे झटके तरुण वयात येतात, पन्नाशीतल्या सिगारेट ओढणाऱ्या मधुमेह्याशी माझं बोलणं निराळं होतं. पण ७१ वर्षांच्या, फक्त रक्तदाब असलेल्या माणसाशी नाही.

आणि आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे जी या अभ्यासांत नीट दिसतच नाही: गुडघ्याची गोळी. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, दम लागतो आणि गळून गेल्यासारखं वाटतं म्हणून. घरच्यांना हृदयाची शंका. डोळ्यांची आतली पापणी पांढरीफटक, हिमोग्लोबिन सहा. शौचाचा रंग विचारला तर सून संकोचून म्हणाली, ‘डांबरासारखी होते महिनाभर, पण त्या लोहाच्या गोळ्या घेतात ना, त्यानं होत असेल.’ पिशवी उलटी केली. त्यात कधीकाळी सुरू झालेली अ‍ॅस्पिरिन, आणि मेडिकलमधून स्वतःच आणलेली दुखण्याची गोळी, रोज दोन, जेवणाआधी. अ‍ॅस्पिरिन का सुरू केली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुर्बिणीतून जठरात व्रण निघाला, दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. अभ्यासातल्या रुग्णाला दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतं की आणखी काय घेता. आजींना कुणी विचारलं नव्हतं. कागदावरचा रक्तस्रावाचा आकडा आपल्या घरांत, माझ्या अंदाजानं, जास्तच असणार.

आता तो ‘नव्यानं सुरू’चा मुद्दा. काटेकोरपणे बोलायचं तर ‘अ‍ॅस्प्री’नं विचारलं: सत्तरीत अ‍ॅस्पिरिन सुरू करावी का? तुमचा प्रश्न आहे: वर्षानुवर्षं चालू असलेली थांबवावी का? हे दोन प्रश्न सख्खे भाऊ आहेत, जुळे नाहीत. २०१७ साली स्वीडनमधून ६ लाखांहून जास्त अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. ज्यांनी गोळी थांबवली त्यांच्यात हृदयाच्या घटना ३७ टक्क्यांनी जास्त आढळल्या. हे ऐकून घाबरायला होतं. पण इथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. गोळी कोण थांबवतं? एखादा बरा असतो म्हणून, पण कितीतरी जण इतर आजारानं खंगलेले असतात, काही सगळ्याच गोळ्यांचा कंटाळा आलेले, काहींना ऑपरेशनसाठी थांबवायला लावलेलं असतं. या लोकांचा धोका मुळातच वेगळा. संशोधक असे फरक आकडेमोडीनं शक्य तेवढे वजा करतात, पण जे नोंदलंच नाही ते वजा होत नाही. त्यातही ज्यांना हृदयाचा आजार आधीपासून होता, त्यांनी थांबवल्यावर घटना वाढणारच, हे आपल्याला आधीच माहीत आहे. तेव्हा हा अभ्यास मी फेकून देत नाही, पण चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासाच्या बरोबरीला बसवत नाही. तो माझ्याकडून एवढंच करून घेतो, की गोळी बंद करण्याआधी मी ती का सुरू झाली होती ते खणून काढतो.

तुमच्या बाबतीत सगळं या खणण्यावर अवलंबून आहे. मी पहिल्या भेटीत विचारतो ते असं: कधी छातीत दुखून दवाखान्यात एक-दोन रात्री ठेवलं होतं का? कधी तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली आणि तासाभरात आपोआप बरं झालं असं घडलं का? चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागतं का? अँजिओग्राफी झालीय का, आणि झाली असेल तर ‘ब्लॉकेज आहे पण गोळ्यांवर भागेल’ असं काही सांगितलं होतं का? ‘हार्ट अटॅक कधी नाही’ म्हणणाऱ्या घरांत यातलं एखादं उत्तर ‘हो’ निघतं, आणि अख्खा हिशोब सहाच्या बाजूचा दीडशेच्या बाजूला सरकतो. मग गोळी चालूच ठेवायची. जुन्या ईसीजीत झटक्याची खूण दिसली, मानेच्या किंवा हृदयाच्या नळीत ठळक चरबी दिसली, तर मधली परिस्थिती असते आणि तिथे डॉक्टरांचं मत एकमेकांपासून वेगळं असू शकतं.

यातलं काहीच नसेल, तर तुमच्या नव्या डॉक्टरांचा निर्णय मला बरोबर वाटतो. जुन्या डॉक्टरांनीही तेव्हा उपलब्ध पुराव्याप्रमाणेच दिली होती. वडिलांना हे आवर्जून सांगा, कारण नाराजीचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं: आपल्या डॉक्टरांनी इतकी वर्षं फसवलं की काय. बंद करताना डोस हळूहळू उतरवायची गरज नाही. अ‍ॅस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सना (गुठळी करणाऱ्या पेशींना) त्यांच्या उरलेल्या आयुष्यासाठी निकामी करते, त्या सात ते दहा दिवस जगतात, नव्या तयार होत राहतात, त्यामुळे परिणाम आपसूकच आठवड्याभरात ओसरतो.

तुमच्या ‘उद्या परत बदललं तर?’ या प्रश्नाचं उत्तर: बदलेलही. आणखी चांगली औषधं आली, झटके आणखी कमी झाले तर अ‍ॅस्पिरिनची जागा अजून आक्रसेल. रक्तस्राव कुणाला होणार हे आधी ओळखता आलं तर काहींसाठी ती परत येईल. सगळंच असं हलत नाही, हेही बघा. झटका येत असताना अ‍ॅस्पिरिन चावून खाण्याचा फायदा १९८८ साली दिसला, तो आजही तसाच मानला जातो, कारण तिथे धोका इतका मोठा असतो की बाकीचं जग कितीही बदललं तरी हिशोब उलटत नाही. जिथे फायदा-तोटा काठावर असतो, तिथेच नवा अभ्यास पारडं फिरवतो. म्हणून ‘संशोधन उलटलं’ ही बातमी आली की मी पाहतो, मूळ फायदा वर्षाला दर दहा हजारांमागे किती होता. सहा-सात असेल तर मला आश्चर्य वाटत नाही.

आता कामाचं. घरातली जुनी फाइल काढा, विशेषतः अ‍ॅस्पिरिन ज्या वर्षी सुरू झाली त्याच्या आसपासचे कागद, डिस्चार्ज कार्ड, जुने ईसीजी. आईला विचारा, वडिलांना नाही. कोणती रात्र दवाखान्यात काढली हे घरात तिलाच नेमकं आठवतं. वडील गुडघ्यासाठी, डोकेदुखीसाठी काही घेतात का तेही बघा, पुड्यांसकट. मिश्री किंवा तंबाखू असेल तर ती सुटणं या ७५ मिलिग्रॅमपेक्षा कितीतरी मोठं काम करेल, आणि रक्तदाब वरचा १३०च्या आसपास राहतोय ना हेही. हे सगळं घेऊन त्या नव्या डॉक्टरांकडेच परत जा आणि ‘यातलं काही बघून तुमचा निर्णय बदलतो का?’ असं सरळ विचारा. तोवर मधल्या काळात शौच काळी झाली, किंवा अचानक हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, छातीत दाब आला, तर मात्र कागद शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.